ढगातील कपाटाच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

पनवेल - फाइली ‘क्लाउड’मध्ये ठेवल्या आहेत, असे आता सर्रास म्हटले जाते. हा ढग मात्र आकाशात नसून जमिनीवरच असतो. त्याचा एक मोठा तुकडा पनवेलमध्ये आहे. येथील हिरानंदानी फॉर्च्यून सिटीत योट्टा कंपनीने उभारलेल्या ‘एनएम-१’ या डेटा सेंटरचे उद्घाटन तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जुलै २०२० मध्ये दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. सुमारे ७,२०० रॅक मावतील, अशी त्याची रचना आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेट केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्यामुळे मुंबई-नवी मुंबईचा पट्टा या उद्योगाला सोयीचा ठरला.

अशा इमारतींना कडेकोट पहारा असतो. परंतु त्यांतील फाइलींपर्यंत पोहोचण्याचा रोजचा मार्ग लोखंडी दारातून जात नाही. तो जातो ‘एपीआय’ नावाच्या दारातून.

खिडकीवरचा कारकून

पनवेल नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली व १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. एवढ्या जुन्या संस्थेच्या अभिलेख कक्षात नागरिकाने थेट शिरून कपाट उघडावे, अशी पद्धत नसते. खिडकीवर ठरावीक नमुन्यात अर्ज द्यायचा, ओळख पटवायची आणि कारकुनाने आणून दिलेली नक्कल घ्यायची. ‘अॅप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस’ म्हणजेच एपीआय ही अशीच खिडकी होय. फरक एवढाच की, अर्ज करणारा माणूस नसून दुसरे सॉफ्टवेअर असते. रुग्णालयाची नोंदवही, सोसायटीचे हिशेब किंवा करसल्लागाराची प्रणाली आपल्या फाइली परस्पर साठवणुकीत टाकते व मागवते, ती याच मार्गाने.

डिजिलॉकर हे याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. १ जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या या सेवेत वाहन परवाना किंवा गुणपत्रिका दिसते, तेव्हा मूळ नोंद ती देणाऱ्या खात्याकडेच असते. लॉकरमध्ये असतो तो तिचा दुवा. नागरिकाने मागणी करताच एपीआयद्वारे दस्तऐवज आणला जातो. अशा दस्तऐवजांना मूळ कागदपत्रांच्या बरोबरीचे मानण्याची तरतूद २०१७ मध्ये नियमांत करण्यात आली. नागरिकाने स्वतः स्कॅन करून चढविलेल्या प्रतीला मात्र हा दर्जा नाही.

जोडणी कशी होते?

प्रथम साठवणूक कंपनीकडे आपल्या सॉफ्टवेअरची नोंदणी करावी लागते. त्यावर एक ओळख क्रमांक व एक गुप्त किल्ली मिळते. त्यानंतर परवानगीची व्याप्ती ठरवावी लागते. फक्त वाचायचे की लिहायचेही, सर्व फोल्डर की एकच, हे येथेच ठरते. गूगल ड्राइव्हमध्ये, सॉफ्टवेअरने स्वतः तयार केलेल्या किंवा वापरकर्त्याने त्यासाठी निवडलेल्या फाइलींपुरतीच परवानगी मागता येते. तरीही सोयीसाठी संपूर्ण ड्राइव्हची परवानगी मागण्याचा मोह अनेकांना होतो आणि धोक्याची सुरुवात तेथूनच होते.

वापरकर्त्याचा पासवर्ड दुसऱ्या सॉफ्टवेअरला देण्याची गरज नसते. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘ओऑथ २.०’ पद्धतीत वापरकर्ता संमती देतो व सॉफ्टवेअरला ‘टोकन’ मिळते. हे टोकन सहसा अल्पमुदतीचे असते. मुदत संपताच ते नवे करून घेण्याची सोय प्रणालीत नसेल, तर पहिल्या दिवशी उत्तम चाललेली जोडणी काही वेळाने अचानक बंद पडते.

प्रत्यक्ष वापरापूर्वी चाचणीसाठी वेगळे खाते व वेगळ्या किल्ल्या ठेवणे आवश्यक असते. ठरावीक वेळेत किती मागण्या करता येतील, यावर कंपन्यांची मर्यादा असते. ती ओलांडल्यास ‘४२९’ हा त्रुटी क्रमांक येतो. अशा वेळी तीच मागणी लागोपाठ न करता, दर खेपेस अधिक थांबून करायची असते. मोठी फाइल तुकड्यांत पाठवावी लागते. अॅमेझॉनच्या ‘एस-३’ सेवेत एकाच साध्या मागणीत ५ जीबीपर्यंतचीच फाइल चढविता येते.

किल्ली सापडली, घर उघडले

यात निष्काळजीपणा झाला तर काय होते, हे उबर प्रकरणाने दाखवून दिले. २०१६ मध्ये हल्लेखोरांना या कंपनीच्या अभियंत्यांनी वापरलेल्या गिटहब भांडारातील सांकेतिक मजकुरात अॅमेझॉनच्या साठवणुकीची किल्ली सापडली. तिच्या आधारे सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती बाहेर गेली. कंपनीने ही गोष्ट नोव्हेंबर २०१७ पर्यंत उघड केली नाही. कुलूप फोडले गेले नव्हते. किल्लीच नको तेथे लिहून ठेवलेली होती.

म्हणूनच किल्ली प्रोग्रामच्या मजकुरात न लिहिता स्वतंत्र, सुरक्षित जागी ठेवणे, ती ठरावीक काळाने बदलणे आणि कर्मचारी नोकरी सोडताच त्याच्याकडील किल्ली रद्द करणे, हे नियम कसोशीने पाळावे लागतात. एखादी फाइल बाहेरच्या व्यक्तीला द्यायची असल्यास कायमचा खुला दुवा न देता मुदतीचा दुवा द्यावा. ‘एस-३’मध्ये अशा सहीच्या दुव्याची कमाल मुदत सात दिवस आहे.

भारतातही आता हा केवळ तांत्रिक प्रश्न राहिलेला नाही. सायबर घटनेची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळविण्याचा निर्देश एप्रिल २०२२ मध्ये निघाला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

रुग्णालय, शाळा वा गृहनिर्माण सोसायटी आपले काम बाहेरच्या संगणक व्यावसायिकाकडे सोपविते, तेव्हा कागद नागरिकांचे असतात. खाते संस्थेच्या नावावर आहे की व्यावसायिकाच्या, किल्ल्या किती जणांकडे आहेत आणि कोणती फाइल कोणी कधी उघडली याची नोंद राहते काय, हे तीन प्रश्न करारावर सही करण्यापूर्वीच विचारायला हवेत. त्यांची उत्तरे लेखी घेण्यास संगणकाचे ज्ञान लागत नाही.