ग्रुपवरच्या लांबलचक यादीतून नावं वेगळी कशी काढायची? रेजेक्स शिका, सोप्या मराठीत

पावसाळी ट्रेक ठरला की व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी फिरायला लागते. प्रत्येक जण ती कॉपी करतो, खाली आपलं नाव जोडतो आणि परत टाकतो. शेवटी ती अशी दिसते:

१) अमोल - ५००
2. स्नेहा - 500
३) किरण – ३००
४) ओंकार ५०० रु.
5)ऋतुजा-500
१०.३० ला निघायचं, उशीर नको

इथे पाचच नावं आहेत, हाताने होईल. पण साठ नावं असली तर? एखादी ओळ नजरेतून सुटली की त्या मुलाची बसमधली सीट गेली. अशा कामासाठी आहे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजेच रेजेक्स.

रेजेक्स म्हणजे काय?

साध्या सर्चमध्ये आपण नेमका शब्द शोधतो. रेजेक्समध्ये आपण शब्दाचा साचा सांगतो. "ओळीच्या सुरुवातीला आकडा, मग कंस किंवा टिंब" असं सांगितलं की त्या साच्यात बसणारं सगळं सापडतं. कल्पना जुनी आहे. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी ती १९५० च्या दशकात मांडली आणि १९६८ साली केन थॉम्पसन यांनी ती टेक्स्ट शोधण्यासाठी कशी वापरायची ते दाखवलं.

यादीसाठी एकच सूत्र लक्षात ठेवा: अख्ख्या यादीचा नाही, एका ओळीचा साचा बनवा. बाकीच्या ओळी तोच साचा शोधून देतो.

पहिला प्रयत्न

^[०-९]+[.)]

^ म्हणजे ओळीची सुरुवात. चौकोनी कंसात लिहिलेल्यांपैकी कुठलंही एक चिन्ह चालतं. + म्हणजे एकदा किंवा जास्त वेळा. म्हणून १ पण चालेल आणि १२ पण.

किती सापडले? चार. पण नीट बघा: स्नेहा आणि ऋतुजा सुटल्या, कारण त्यांच्यापुढचे आकडे इंग्रजी आहेत. उलट "१०.३० ला निघायचं" ही ओळ घुसली. आपल्या डोळ्यांना 2 आणि २ सारखेच, पण फोनसाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत.

दुसरा प्रयत्न

^[0-9०-९]+[.)]

आता सहा सापडले. पाचही जण आले, पण १०.३० अजून आहेच. म्हणजे फक्त सुरुवात सांगून भागत नाही, नाव आणि रक्कमही सांगायला हवी.

तिसरा प्रयत्न

^[0-9०-९]+[.)] *(.+?)[- –]+([0-9०-९]+).*

घाबरू नका, तुकडे करून वाचा:

- [.) ] नव्हे, [.) नंतर लगेच ] आणि मग स्पेस आणि *: स्पेस असली तरी चालेल, नसली तरी चालेल.
- (.+?) म्हणजे नाव. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, आणि ? मुळे गरजेपुरतंच घेतलं जातं.
- [- –]+ म्हणजे छोटा डॅश, स्पेस किंवा लांब डॅश. किरणच्या ओळीत लांब डॅश आहे आणि ओंकारने डॅश दिलाच नाही, म्हणून तिन्ही.
- ([0-9०-९]+) म्हणजे रक्कम, आणि .* म्हणजे पुढचं उरलेलं काहीही.

आता बरोबर पाच. गोल कंसात पकडलेलं परत वापरता येतं. रिप्लेसमध्ये $1,$2 लिहिलं की "अमोल,५००" अशा ओळी तयार. यादीत न बसलेली १०.३० ची ओळ तशीच राहील, ती हाताने काढा.

मराठीतल्या दोन खाचाखोचा

पहिली: नावासाठी [क-ह]+ लिहायचा मोह होतो. तो टाळा. फोनच्या हिशेबात "किरण" म्हणजे क, वेलांटी, र, ण अशी चार चिन्हं. वेलांटी क ते ह मध्ये येत नाही, त्यामुळे नावाचे तुकडे पडतात.

दुसरी: आकड्यासाठी बॅकस्लॅश आणि इंग्रजी डी हा शॉर्टकट सगळीकडे दिसेल. जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त 0 ते 9 ओळखतो, पायथन ३ मध्ये मात्र देवनागरी आकडेही ओळखतो. दोन्ही आकडे स्वतः लिहिणं बरं.

यादी एकाच ओळीत असेल तर?

"अमोल, स्नेहा, किरण आणि ओंकार" यासाठी [^,]+ वापरा. चौकोनी कंसात सुरुवातीला ^ आला की अर्थ बदलतो: "स्वल्पविराम सोडून काहीही". पण इथे तीनच सापडतील, कारण "किरण आणि ओंकार" एकत्र येतात. आधी "आणि" च्या जागी स्वल्पविराम टाका.

फोनवर करून बघा

ब्राउझरमध्ये रेजेक्स १०१ ही साइट उघडा आणि जावास्क्रिप्टचा पर्याय निवडा. ग्लोबल आणि मल्टिलाइन चालू आहेत ना, ते बघा. मल्टिलाइन बंद असेल तर ^ फक्त पहिल्याच ओळीला लागू होतो. किती जुळले तो आकडा तिथेच दिसतो. यादीत फोन नंबर असतील तर मात्र ते आधी काढून टाका, दुसऱ्यांची माहिती कुठल्याही साइटवर पेस्ट करू नये.

आणि शेवटचं: रेजेक्सकडून ओळ सुटली तर तो एरर देत नाही, गप्प बसतो. म्हणून दरवेळी सापडलेल्यांचा आकडा यादीतल्या शेवटच्या नंबरशी ताडून बघा. आकडा जुळला तरी एकदा नावांवरून नजर फिरवा. पहिल्या प्रयत्नातल्या चारमध्येही एक जण माणूस नव्हताच, ती निघायची वेळ होती!