जॅझ पियानो: एका ओळीची चाल आणि उत्स्फूर्त वादन

जॅझ पियानोवादकासमोर जो कागद असतो त्याला लीड शीट म्हणतात. त्यावर पाच रेघांच्या एकाच ओळीत गाण्याची मूळ चाल आणि तिच्या वर कॉर्डची नावे असतात. डाव्या हाताने काय वाजवायचे, कॉर्डमधले स्वर कसे मांडायचे, चाल संपल्यावर काय करायचे, यातले काहीच त्यावर नसते. बीथोव्हेनच्या सोनाटाच्या प्रतीत दोन्ही हातांचा स्वर न् स्वर छापलेला असतो. त्यामुळे अभिजात पियानो शिकून आलेला विद्यार्थी लीड शीटवरची चाल सहज वाचतो, पण ती संपली की अडतो. खरे काम, म्हणजे उत्स्फूर्त वादन, तिथूनच सुरू होते.

लीड शीटचा सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे ‘द रिअल बुक’. १९७०च्या दशकाच्या मध्यात बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाच्या परिसरात तो हाताने लिहून तयार झाला आणि हक्कधारकांच्या परवानगीविना वर्षानुवर्षे विकला गेला. त्याची कायदेशीर आवृत्ती २००४मध्ये हॅल लेनर्ड या प्रकाशनसंस्थेने काढली. जुन्या प्रतींत चुकीच्या कॉर्ड बऱ्याच होत्या. म्हणून छापील कॉर्ड मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहण्याची सवय शिक्षक सुरुवातीपासून लावतात.

लय तर कागदावर पूर्णपणे उतरतच नाही. एका मात्रेतले अर्ध्या मात्रेचे दोन स्वर समान लांबीचे लिहिलेले असतात, पण स्विंग या जॅझच्या लयीत पहिला लांब आणि दुसरा आखूड वाजतो. मध्यम लयीत हे प्रमाण साधारण दोनास एक असते. लय वाढेल तसे ते समान होत जाते. हे अंगवळणी पडावे म्हणून मेट्रोनोमचा ठोका पहिल्या मात्रेवर न घेता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून सराव करतात.

डाव्या हाताचा अभ्यास बहुधा तीन कॉर्डच्या एका साखळीने सुरू होतो: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. सी हा षड्ज मानला तर या कॉर्ड अनुक्रमे रिषभ, पंचम आणि षड्जावर उभ्या आहेत. कॉर्डचा स्वभाव तिच्या मूळ स्वरापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरावरून कळतो. डी मायनर सेव्हनमध्ये हे स्वर एफ आणि सी असतात. जी सेव्हनकडे जाताना एफ जागेवर राहतो आणि सी अर्ध्या स्वराने उतरून बी होतो. पुढे बी टिकतो आणि एफ उतरून ई होतो. म्हणजे दोन बोटांनी, हात जवळजवळ न हलवता, सगळी साखळी ऐकू येते. सोबत बेसवादक असेल तर मूळ स्वर त्याच्याकडे असतो आणि पियानोवादक तो सोडून देऊ शकतो. पियानोवादक बिल एव्हान्सच्या वादनाने रूढ झालेल्या अशा मांडणीत पहिल्या कॉर्डसाठी एफ, ए, सी, ई हे स्वर धरले, तर दुसरीसाठी एकच बोट हलवावे लागते: सीच्या जागी बी. एका पट्टीत हे बसले की उरलेल्या अकरा पट्ट्यांत तेच बसवायचे असते.

उजव्या हाताची सुरुवात थोड्या स्वरांनी होते. प्रथम फक्त कॉर्डचे स्वर, मग त्या स्वरांकडे नेणारे शेजारचे स्वर. ई हा मुक्कामाचा स्वर असेल, तर आधी वरचा एफ, मग खालचा डी शार्प आणि मग ई, अशी त्याला घेराव घालणारी तान बांधता येते. डी शार्प सी मेजर स्केलमधला नाही. पण मुक्काम ठोक्यावर पडला की तो खटकत नाही. त्यामुळे कोणता स्वर घेतला यापेक्षा तो कुठे जाऊन थांबला, याला अधिक महत्त्व येते.

हे सगळे एका ठरलेल्या चौकटीत चालते. ब्लूजची चौकट १२ बारची, म्हणजे मात्रांच्या १२ गटांची असते. अनेक जुनी गाणी ३२ बारची, आठ-आठ बारच्या चार भागांची असतात. चौकटीच्या एका फेरीला कोरस म्हणतात आणि तालाच्या आवर्तनाप्रमाणे ती पुन्हा पुन्हा फिरते. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधील ‘सो व्हॉट’ या रचनेत १६ बार एक स्केल, ८ बार अर्धा स्वर वरचे आणि पुन्हा ८ बार पहिले, एवढाच आराखडा आहे. कॉर्ड कमी, म्हणून ती सोपी वाटते. पण वळण दाखवणाऱ्या कॉर्ड नसल्याने नवखा वादक नेमका इथेच बार मोजायला चुकतो.

यानंतरचा अभ्यास कानाचा. विद्यार्थी एखाद्या वादकाचे सोलो ऐकून आधी गातो, मग पियानोवर शोधतो आणि शेवटी लिहून काढतो. न्यू यॉर्कमधले पियानोवादक-शिक्षक लेनी ट्रिस्टानो शिष्यांना लेस्टर यंगचे सॅक्सोफोनवरील सोलो गाऊन पाठ करायला लावत. ‘मिस्टी’ या जॅझ रचनेचे संगीतकार एरोल गार्नर यांना नोटेशन वाचता येत नव्हते, त्यांची सगळी विद्या कानावर उभी होती.

तरीही वाचनाची किंमत कमी होत नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन शिकवले जाई. त्या बळावर गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले, तर सेबास्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस यांनी वाद्यवृंदाचे संयोजन लिहिले. समोर आलेला कागद लगेच वाजवता येत असल्याने त्यांना काम मिळे.

शिकणाऱ्याने म्हणून दोन्ही सराव रोज करावेत: अनोळखी लीड शीट न थांबता वाचणे आणि ओळखीचे गाणे कागद मिटून वाजवणे. कोरसमधली आपली जागा न चुकता एखादे गाणे कागदाविना वाजवता आले, की ते आले असे समजावे.