क्लास संपल्यावर काय? गोधडीचा टाका आणि तिचा भाव



हळद शिजवून-वाळवून झाली, रानातलं काम जरा हलकं झालं, की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. "उन्हाळ्यात बसून काय करायचं? एखादा क्लास लावा ना." मागणी चांगलीच आहे. आपल्या जवळा बाजारच्या भागात अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत दुपारी रानात उभं राहवत नाही. आपल्या आज्या-सासवा याच दिवसांत वाकळा शिवायच्या. ओसरीवर जुनी लुगडी अंथरायची, चौघीजणी चार बाजूंनी बसायच्या आणि बोलता बोलता वाकळ पुरी व्हायची.

पण क्लास लावताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "शिकवणार कोण?" दुसरा विचारतो, "प्रमाणपत्र मिळणार का?" तिसरा प्रश्न मात्र राहून जातो, "शिकून जे तयार होईल, ते कितीला विकायचं?" म्हणून हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे. वही-पेन घेऊन वाचा.

एका गोधडीत टाके किती?

एका माणसाची गोधडी साधारण ५ फूट बाय साडेसात फूट धरू. म्हणजे ६० इंच बाय ९० इंच. आपण कडेपासून सुरू करून आत आत चौकोनी धावदोरा घालत मधोमध येतो. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलं तर सगळ्या ओळींची लांबी मिळून किती होते? हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी, भागिले ओळींतलं अंतर. ६० गुणिले ९० म्हणजे ५,४०० इंच. फुटात ४५० फूट. एका इंचात चार टाके धरले तर एका गोधडीत २१,६०० टाके!

ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर हेच काम दुप्पट होतं. "जरा दाट शिवा" असं गिऱ्हाईक सहज म्हणतं. ते दाट म्हणजे किती, हे आधी ठरवून घ्या आणि भावही तसा सांगा.

आता वेळ बघू. घड्याळ लावून एक फूट धावदोरा घालून बघा. समजा ४ मिनिटं लागली. मग ४५० फुटांना १,८०० मिनिटं, म्हणजे ३० तास. कापड धुणं, उसवणं, थर लावणं आणि काठ शिवणं याला ६ तास धरा. झाले ३६ तास.

या ३६ तासांचं मोल काय? २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये पडतात. सोयीसाठी ४० धरू.

मजुरी : ३६ तास × ४० = १,४४० रुपये
दोरा, सुया : समजा १२० रुपये
खालचं नवं कापड : समजा ३५० रुपये
एकूण : १,९१० रुपये
वर जाण्या-येण्याचा, बाजाराचा आणि नासाडीचा खर्च दहा टक्के : १९१ रुपये
म्हणजे सुमारे २,१०० रुपये

आता एखादा व्यापारी आला आणि म्हणाला, "जुन्या कपड्यांचीच तर आहे, ८०० घ्या." सामानाचे ४७० गेले की हातात राहिले ३३०. भागिले ३६ तास. तासाला सव्वानऊ रुपयेसुद्धा नाहीत. आठ तास मान मोडून शिवल्यावर ७३ रुपये! हा हिशोब मांडला नाही, तर ८०० रुपये हातात आले म्हणून आपण खूश होतो. नफा तर झालाच नाही, उलट आपली मजुरीच आपण सोडून दिली.

मग २,१०० ला घेणार कोण?

खरं सांगायचं तर आठवडी बाजारात हा भाव मिळणं अवघड आहे. तिथं यंत्रावरची रजई त्याहून स्वस्त मिळते. म्हणून सुरुवात लहान वस्तूपासून करावी. बाळाचं दुपटं ३० बाय ४० इंचाचं घ्या. १,२०० इंच म्हणजे १०० फूट, म्हणजे पावणेसात तास. बाकीचं काम धरून ८ तास. मजुरी ३२०, सामान समजा १००. एकूण ४२० आणि वर दहा टक्के, म्हणजे सुमारे ४६०. बारशाला भेट म्हणून इतके पैसे देणारं गिऱ्हाईक आपल्या गावातही सापडतं. मोठी गोधडी मात्र ऑर्डर घेऊनच शिवा आणि सामानापुरती उचल आधी घ्या.

आणखी एक मार्ग आहे. गिऱ्हाइकाच्या घरातली जुनी लुगडी घेऊन त्याचीच गोधडी शिवून द्यायची. आईच्या, आजीच्या लुगड्याची गोधडी दुकानात मिळत नाही. तिथं यंत्राशी स्पर्धा नसते आणि माणूस मजुरीला घासाघीस कमी करतो.

विकायच्या गोधडीचे नियम वेगळे

घरची गोधडी कशीही चालते. विकायची तशी चालत नाही. शेजारच्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वजाचं खादी कापड तयार होतं. झेंड्याची लांबी-रुंदी ३ : २ अशी ठरलेली असते, त्यात इकडचं तिकडं चालत नाही. आपल्या मालालाही माप हवंच. क्लासमध्ये या चार गोष्टी पक्क्या करून घ्या :

१. कापड ओळखा. कापडाचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख होते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. बाळाच्या दुपट्यात फक्त सुतीच वापरा.

२. रंग तपासा. ओलं पांढरं फडकं कापडावर घासा. फडक्याला रंग लागला तर ते कापड बाजूला ठेवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी डागाळते.

३. गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवूनच थर लावा. नवं कापडही आधी भिजवून घ्या. ते मागून आटलं की गोधडीला चुण्या पडतात.

४. चारही बाजू टेपने मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या आल्या पाहिजेत.

शिकवणारी बाई गावातच आहे

बाहेरून शिक्षक आणण्याआधी गावातल्या आणि तांड्यावरच्या वयस्कर बायकांना विचारा. आपल्या जिल्ह्यात बंजारा तांडे बरेच आहेत. फेटिया-कांचळीवर आरसे आणि कवड्या लावून केलेलं भरतकाम तिथल्या आजींच्या बोटांत आहे. याच कामाची किंमत कुठवर जाते बघा. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे. जुलै २०२३ मध्ये हंपीला जी-२० च्या बैठकीच्या वेळी तिथल्या ४५० हून जास्त बायकांच्या हातच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडल्या गेल्या आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. संडूरचं नाव लावून आपला माल विकता येत नाही, कारण ते नाव त्या भागापुरतं आहे. आणि तांड्यावरच्या आजी शिकवायला आल्या तर त्यांना चहा-नारळावर पाठवू नका. मानधनाचा ठराव करा, प्रोसिडिंगमध्ये लिहा, त्यांचं काम विकलं तर त्यांचा वाटाही लिहा.

सरकारी मदत कुठं, किती?

जिल्ह्याच्या अग्रणी बँकेतर्फे चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (आरसेटी) प्रशिक्षण मोफत असतं, राहण्या-जेवणासकट. नंतर दोन वर्षं पाठपुरावाही करतात.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यात शिंपीकाम आहे, गोधडी किंवा भरतकाम असं वेगळं नाव नाही. शिवणकाम हाच जिचा व्यवसाय आहे, तिनं चौकशी करावी. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. घरातल्या एकालाच लाभ घेता येतो.

हस्तकलेचं काम करणाऱ्यांना केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून 'पहचान' ओळखपत्र मिळतं. मेळाव्यात स्टॉल मिळवायला ते कामी येतं. विश्वकर्माची नोंदणी असो की पहचान कार्ड, फी म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

सहा आठवड्यांचा क्लास असा लावा

आठवड्याला ३ दिवस, दुपारी २ तास. सहा आठवड्यांत ३६ तास होतात, म्हणजे बरोबर एका गोधडीएवढे. पहिल्या आठवड्यात कापड ओळखणं आणि धावदोरा. दुसऱ्या-तिसऱ्यात प्रत्येकीचं एक दुपटं. चौथ्या-पाचव्यात आरशांचं काम आणि काठ. सहाव्यात फक्त हिशोब, भाव आणि गिऱ्हाइकाशी बोलणं. हा सहावा आठवडा कुणी गाळू नका. उजेडात बसा, दर अर्ध्या तासानं मान वर करा. चाळिशी लागली असेल तर चष्मा आधी, सुई नंतर.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं सुई-दोरा आणि एक फूट कापड आणावं. घड्याळ लावून सगळ्याजणी एक फूट शिवू आणि ज्याची त्याची मिनिटं वहीत लिहू. आपला भाव त्या आकड्यावरून निघेल. व्यापारी समोर आला की तो आकडा आपल्या तोंडात पाहिजे.