गाइडच्या टाचेमागे

किलिमांजारोवर सर्वांत पुढे चालणाऱ्या गाइडचं पाऊल नीट बघण्यासारखं असतं. टाच टेकते, मग तळवा, मग क्षणभर काहीच होत नाही आणि तेव्हा कुठे मागचा पाय उचलला जातो. पावलाचं अंतर जेमतेम बुटाएवढं. चढ असो की सपाटी, त्यात फरक पडत नाही. सिंहगड भराभर चढून जाणाऱ्यांना ही चाल पहिल्या दिवशी असह्य होते. पाय शिवशिवतात, पुढे निघून जावंसं वाटतं. कुणी घाई केलीच तर गाइड मागे न वळता ‘पोले पोले’ म्हणतो, म्हणजे सावकाश, आणि आपला वेग तसूभरही वाढवत नाही.

त्याचं हे आडमुठेपण नाही, हेच त्याचं काम आहे. किलिमांजारोच्या ५८९५ मीटर उंचीच्या उहुरू शिखरावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने जवळपास निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच. शरीर आधी श्वास वाढवतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताची आम्लता कमी होते आणि मेंदू पुन्हा श्वासाला आवर घालू लागतो. ही कोंडी मूत्रपिंडं सोडवतात. बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून ती रक्ताचा तोल सावरतात, पण त्याला काही दिवस लागतात. मांड्यांत कितीही जोर असला तरी हे काम लवकर उरकत नाही. उलट दमदार माणूस शरीराची तयारी होण्याआधीच उंचावर जाऊन पोचतो आणि तिथे आजारी पडतो.

सह्याद्रीतल्या भटकंतीने गुडघे तयार होतात, पावसाची आणि निसरड्या कातळाची सवय होते. किलिमांजारोवरची बरांकोची भिंत हाताने धरत चढताना ती सवय फार कामाला येते. पण विरळ हवेची ओळख सह्याद्री करून देऊ शकत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, आणि किलिमांजारोवर माचामे वाटेने गेलात तर पहिला मुक्कामच २८०० मीटरच्या वर. आपल्याला उंची मानवते की नाही हे तिथे गेल्यावरच कळतं, म्हणून हाताशी दिवस जास्त ठेवायचे.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणाच्या वैद्यकातला सर्वमान्य सल्ला आहे. किलिमांजारोच्या बहुतेक वाटा तो कुठे ना कुठे मोडतात, आणि सहा दिवसांची सहल तर हमखास मोडते. शक्य असेल तर माचामे वाटेला सात दिवस द्या, लेमोशोला आठ. जाड जॅकेट, स्लीपिंग बॅग, काठ्या हे सगळं पायथ्याजवळच्या मोशी शहरात भाड्याने मिळतं. पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा, दिवसांत नकोत. माझ्या मते या दोन्ही वाटांवरचा सर्वांत मोलाचा दिवस शिरा ते बरांको या मुक्कामांमधला. सकाळभर चढून सुमारे ४६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपाशी जेवायचं, डोकं जड झालं तरी थोडं थांबायचं आणि मग उतरून ३९०० मीटरच्या आसपास झोपायला यायचं. दिवसभराची चाल, आणि संध्याकाळी उंचीत फारशी भर पडलेली नाही म्हणून नवख्यांना हळहळ वाटते. शरीराला मात्र त्या दुपारी वरच्या हवेची चव मिळालेली असते.

गाइडचं खरं कसब दिसतं ते संध्याकाळी, जेवणाच्या तंबूत. तो ऑक्सिमीटर घेऊन येतो, पण लगेच लावत नाही. आधी बोटं चोळून गरम करायला सांगतो, कारण गार बोटावर आकडा खोटाच कमी दिसतो. वरच्या मुक्कामावर ऐंशीच्या घरातला आकडा बघून तो घाबरत नाही. मग डोकेदुखी, झोप, मळमळ, लघवी असे ठरलेले प्रश्न विचारतो. लोक ‘सगळं ठीक’ म्हणतात, कारण परत पाठवतील ही भीती असते. तो मान डोलावतो आणि नजर ताटांवर ठेवतो. सूप वाटीत घेऊन नुसतं ढवळत बसलेला माणूस त्याला बरोबर सापडतो. त्याच्याशी तो वेगळं, हळू आवाजात बोलतो. शंका आली तर बाहेर नेऊन टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालायला लावतो. तोल जात असेल तर मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असू शकते. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर धोका फुफ्फुसांना. दोन्हीवर पहिला उपाय एकच, रात्र असली तरी खाली नेणं.

वर भूक मरते, हे धरूनच घरून खाऊ न्यावा. लाडू आणि चिक्की चार हजार मीटरच्या वर नकोशी होते. भात तिथे मिळतो, आणि त्यावर घालायला मेतकूट किंवा लिंबाचं लोणचं असलं की चार घास जास्त जातात. उंचीच्या त्रासासाठीच्या डायमॉक्सच्या गोळ्यांचं निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. रात्री तंबूत शेजारच्याचा श्वास वाढत जातो, मग एकदम थांबतो. काही सेकंद पूर्ण शांतता, आणि मग मोठा सुस्कारा. पहिल्यांदा ऐकताना छातीत धस्स होतं. उंचीवरच्या झोपेत हे निरोगी माणसालाही होतं.

शिखराची चढाई बराफू मुक्कामावरून मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होते. एका रात्रीत बाराशे मीटर. पाण्याच्या पिशवीची नळी गोठते, म्हणून बाटल्या घ्याव्यात आणि त्या मोज्यात घालून उलट्या ठेवाव्यात. बर्फ वरून धरतो, तेव्हा तोंडाकडचं पाणी शिल्लक राहतं. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात. थांबलं की घाम गार होतो, त्यामुळे गाइड थांबू देत नाही, आणि बूटभर अंतराच्या त्या चालीचा अर्थ तेव्हा पायांना समजतो. त्याहून वेगाने तिथे चालताच येत नाही. पुढच्याच्या टाचेवर उजेड धरायचा आणि प्रत्येक पावलाला एक पूर्ण श्वास घ्यायचा.

आम्ही गेलो होतो तेव्हा त्या रात्री आमच्यातल्या एका मैत्रिणीला शिखराच्या बरंच खाली उलट्या सुरू झाल्या. तिला वर जायचंच होतं. दुय्यम गाइडने तिची पाठपिशवी स्वतःच्या छातीवर घेतली, तिचा हात धरला आणि वाद न घालता तिला उतारावर वळवलं. बाकीच्यांना रडू आलं, मलाही. पण त्या माणसाच्या निर्णयाबद्दल मला आजही आदर आहे. भल्या पहाटे, थंडीत, दुसऱ्याचं स्वप्न मोडायचं काम त्याने केलं, आणि ते जराही कठोर न होता.

स्टेला पॉइंटला विवराच्या काठावर सूर्य उगवला. तिथून उहुरूपर्यंतची वाट सोपी, पण ती संपता संपत नाही. डावीकडच्या हिमनद्यांच्या भिंती दरवर्षी आक्रसत चालल्या आहेत, आणि त्या डोळ्यांनी बघताना पोटात कालवतं. वर फार वेळ थांबू देत नाहीत, तेही योग्यच.

उतरताना म्वेका वाटेवर गुडघ्यांची कसोटी लागते. निघण्यापूर्वी पायाची नखं बारीक कापा, बुटाची नाडी घोट्यापाशी आवळून बांधा. बाजूने हमाल डोक्यावर आमचे तंबू घेऊन झपाझप उतरत होते. त्यांच्या वाट्याला जास्तीत जास्त २० किलो वजन यावं असा नियम आहे. विरळ हवेचा त्रास त्यांनाही होतो. सहल ठरवताना स्वस्तातली बघू नका. हमालांची मजुरी, जेवण आणि गरम कपडे यांची चौकशी करा. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टशी जोडलेली कंपनी निवडली तर ती चौकशी बरीचशी झालेली असते.

म्वेका मुक्काम सुमारे ३१०० मीटरवर. मैत्रीण आमच्या आधीच तिथे पोचली होती. डोकेदुखी पार गेली होती. आचाऱ्याने भात आणि घेवड्याची उसळ केली होती. आम्ही ताटं घेऊन बसलो तेव्हा तिचं दुसऱ्यांदा वाढून घेणं चाललं होतं, आणि गाइड दाराशी उभा राहून तिचं ताट बघत होता.