मोडलेला गोफ पुन्हां विणणारा जंतु

डबाबंद मांस टिकावें म्हणून त्यांतील जंतु मारावे लागतात. हें काम गॅमा किरणांनीं साधतें काय, याचे प्रयोग इ. स. १९५६ मध्यें अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत, कॉर्व्हॅलिस येथें, आर्थर अँडरसन व त्यांचे सहकारी करीत होते. कोणताहि जीव वांचूं नये एवढी मात्रा दिली असतांहि मांस नासलें, व त्यांत तांबूस रंगाचा एक वाटोळा जंतु आढळला. त्यास आज डायनोकॉकस रेडिओड्युरन्स म्हणतात. (पालकांनीं भिऊं नये, हा जंतु रोग उत्पन्न करीत नाहीं.)

किरणांची मात्रा ग्रे या मापानें मोजतात. सर्वांगावर एकदम ५ ग्रे पडल्यास उपचाराविना मनुष्य बहुधा दगावतो. हा जंतु ५,००० ग्रे सोसून पुन्हां वाढूं लागतो!

त्याच्या अंगीं कांहीं चिलखत असावें असें वाटेल. परंतु तसें नाहीं. प्रत्येक जीवाच्या पेशींत डीएनए नांवाचा लांबच लांब गोफ असून, त्या जीवाची घडण कशी व्हावी हें त्यांत नमूद असतें. किरणांनीं याच्याहि गोफाचे शेंकडों तुकडे होतात. नवल असें कीं, कांहीं तासांत ते जुळून गोफ पूर्ववत् होतो. समजा, एकाच पुस्तकाच्या चार प्रती निरनिराळ्या ठिकाणीं फाटल्या. तर एकींतील तुटलेलें वाक्य दुसरींत सलग सांपडेल, व धीर धरल्यास सारें पुस्तक पुन्हां लिहितां येईल. या जंतूच्या पेशींतहि गोफाच्या चार किंवा अधिक प्रती असतात. एक तुकडा दुसऱ्यावरून नक्कल करीत आपली तुटलेली बाजू वाढवितो, व जुळणारीं टोकें एकमेकांस चिकटतात, हें मिरोस्लाव्ह रादमान यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेनें २००६ सालीं दाखविलें.

तथापि नक्कल करणारा लेखनिकच मेला, तर प्रती असून काय उपयोग? दुरुस्तीचें काम प्रथिनें करतात, आणि किरणांमुळें पेशींतील पाण्यापासून उपजणारीं दाहक द्रव्यें त्यांचाच नाश करतात. या जंतूंत मँगेनीजचीं संयुगें विपुल असून तीं या द्रव्यांस निष्प्रभ करतात, असें मायकेल डेली यांच्या संशोधनावरून दिसतें. माझ्या मतें खरें मर्म या कारागिरांच्या रक्षणांतच आहे.

एक कोडें उरतें. इतके प्रखर किरण पृथ्वीवर निसर्गतः कोठेंहि नाहींत. मग ही विद्या त्यास कशी लाभली? १९९६ सालीं मॅटिमोर व बॅटिस्टा यांनीं या जंतूचे किरणांपुढें दुबळे ठरणारे प्रकार घेऊन सुकविले. तेव्हां मूळ जंतु सुकूनहि जगतो, पण हे मात्र सुकण्यालाहि बळी पडले. पाणी आटल्यानेंहि डीएनएचे असेच तुकडे पडतात. तेव्हां ही तयारी मुळांत किरणांसाठीं नसून कोरड्या दिवसांसाठीं असावी.