अक्षर बारीक का झाले?

फळ्यावर वर्षानुवर्षे टपोरे अक्षर काढणाऱ्या एखाद्या शिक्षकाचे अक्षर हळूहळू बारीक होऊ लागते. पुढे हात मांडीवर स्वस्थ ठेवला असतानाही थरथरतो, चाल मंदावते, चेहरा निर्विकार दिसू लागतो. घरचे लोक मेंदूचा एम.आर.आय. काढून आणतात. अहवाल येतो, 'विशेष दोष नाही'. मग हा आजार खरा की मनाचा, अशी कुजबुज घरात सुरू होते.

आजार खराच असतो. त्याला आपण कंपवात म्हणतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार असेही नाव आहे. मग एम.आर.आय.मध्ये तो दिसला का नाही? एम.आर.आय. यंत्र मुख्यतः पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत घेते आणि त्यावरून मेंदूच्या रचनेचे चित्र बनवते. गाठ, रक्तस्राव, आकसलेला भाग त्यात दिसतो. कंपवातातील बिघाड मात्र फार लहान जागेत आणि मुख्यतः रसायनाचा असतो. घराच्या नकाशावरून नळाला पाणी येते की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे.

हे रसायन कोणते ते पाहू. मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. पेशीतून संदेश विजेच्या रूपाने धावतो, पण दोन पेशींमध्ये बहुतेक ठिकाणी फट असते. ही फट मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी असते. ती ओलांडण्यासाठी पहिली पेशी एक रसायन सोडते आणि ते पुढच्या पेशीवरील ग्राहकरेणूत किल्लीसारखे बसते. अशा रसायनांना न्यूरोट्रान्समीटर किंवा संदेशवाहक रसायने म्हणतात. डोपामिन हे त्यांपैकीच एक.

डोपामिनचे काम उलगडण्याच्या कथेत आपल्याकडच्या एका वनस्पतीचा वाटा आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पूर्वीपासून औषधात वापरात होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या परिणामाचा अभ्यास एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते मनोरुग्णांना शांत करण्यासाठीही वापरले जाऊ लागले. पण काही रुग्णांचे अंग ताठरले, हात थरथरू लागले. कंपवातच जणू!

स्वीडनमधील अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. १९५७ साली त्यांनी अशा प्राण्यांना एल-डोपा टोचले. एल-डोपा म्हणजे शरीर ज्यापासून डोपामिन बनवते तो कच्चा माल. थोड्याच वेळात ससे हिंडूफिरू लागले. तोवर डोपामिन हा नॉरॲड्रेनालिन बनण्याच्या वाटेवरचा केवळ एक टप्पा मानला जाई. ते स्वतःच संदेशवाहक आहे असे कार्लसन यांनी दाखवले. २००० सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

पुढचा टप्पा व्हिएन्नाचा. १९६० साली ओलेह हॉर्नीकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने मृत कंपवात-रुग्णांचे मेंदू तपासले. मोठ्या मेंदूच्या पोटात खोलवर, हालचालींच्या नियंत्रणात भाग घेणाऱ्या भागांत डोपामिन अगदी कमी आढळले. हे डोपामिन मध्यमस्तिष्कातील एका काळपट पट्ट्यातील पेशी पुरवतात. कंपवातात याच पेशी नष्ट होत जातात. मग रुग्णाला सरळ डोपामिनच का देऊ नये? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर डोपामिनला आत सोडत नाही. एल-डोपा मात्र आत जाते आणि तेथे तिचे डोपामिन होते. १९६१ साली ती टोचल्यावर अंथरुणाला खिळलेले काही रुग्ण काही तासांपुरते उठून चालू शकले. आजही हेच प्रमुख औषध आहे. मरणाऱ्या पेशी त्याने वाचत नाहीत, पण रुग्णाची हालचाल सुधारते.

जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिनची यंत्रणा पाहता आली ती १९८३ साली, कॅनडात. पेट स्कॅन या तंत्रात एल-डोपासारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून तो शिरेतून देतात. या फ्लोरिनचा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असतो. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनला भेटला की दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना जातात. ते टिपून रेणू कोठे साठला हे कळते. कंपवातात ते भाग फिके दिसतात. मात्र निदानासाठी बहुधा एवढा खर्च करावा लागत नाही. अनुभवी मेंदूविकारतज्ज्ञ हालचाली तपासूनच आजार ओळखतात.

वर्तमानपत्रांत झळकणारी रंगीत चित्रे बहुधा फंक्शनल एम.आर.आय.ची असतात. हे तंत्र काम करणाऱ्या भागाकडील रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजते. रंग संगणकाने भरलेले असतात. ती विचारांची छायाचित्रे नव्हेत.

'डोपामिन म्हणजे आनंदाचे रसायन' हे वाक्यही अर्धवट आहे. तीच किल्ली निरनिराळ्या घरांत निरनिराळे दार उघडते. एका भागात ती हालचालीला लागते, तर दुसऱ्या भागात बक्षिसाच्या ओढीला. म्हणूनच एल-डोपा जास्त झाल्यास काही रुग्णांना भास होतात. उलट, भास थांबवण्यासाठी डोपामिनचे ग्राहकरेणू अडवणाऱ्या औषधांनी काहींना कंप सुटतो.

हे शिकवताना एक इशाराही द्यावा. अंगाला लागताच आग करणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी ती या बियांतून वेगळी काढली. पण प्रत्येक बीत तिचे प्रमाण सारखे नसते. तेव्हा घरच्या घरी उपचार नकोत. मेंदूची आकृती काढून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे: प्रत्येक यंत्र नेमके काय मोजते? हे ठाऊक असलेल्या घरात 'विशेष दोष नाही' हा अहवाल वाचून कोणी थरथरत्या हाताच्या माणसाला ढोंगी ठरवणार नाही.