मोफत औषध आणि गुप्ततेची किंमत

२००१ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरील तीन औषधांचा एकत्रित उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय सेवासंस्थेस वर्षाला ३५० डॉलर या दराने देण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याच उपचारासाठी दहा ते पंधरा हजार डॉलर घेत होत्या. किमतींच्या इतिहासात इतकी मोठी घसरण क्वचितच पाहावयास मिळते. पुढे १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने आठ शासकीय रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या आठांत होते. २०१७ पासून तर संसर्ग आढळताच, प्रतिकारशक्ती खालावण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. देशात एचआयव्हीबाधितांची संख्या आज सुमारे २५ लाख आहे आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे.

ज्या वस्तूची किंमत शून्यावर आली, तिचा वापर तरीही खंडित का व्हावा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही पडेल. रुग्ण औषध घेऊ लागतो, काही महिने नेमाने घेतो आणि मध्येच केव्हातरी केंद्रावर येणे थांबवितो. पौगंडावस्थेतील आणि विशीतील रुग्णांत हे प्रौढांपेक्षा अधिक घडते, असा जगभरचा अनुभव आहे. त्याचे खापर तरुणांच्या बेफिकिरीवर फोडून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शून्य ही केवळ औषधाच्या खिडकीवरची किंमत झाली. त्याखेरीज गुप्तता राखण्यासाठी तरुण रुग्णास जी किंमत मोजावी लागते, ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि ती त्याला रोज मोजावी लागते.

हे तरुण कोण आहेत? काहींना संसर्ग तारुण्यात झालेला आहे. पण आज विशीत असलेल्या कित्येकांना तो जन्मतः किंवा आईच्या दुधातून मिळालेला आहे. लहान मुलांसाठीच्या औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ मध्ये सुरू झाला नसता, तर त्यांतील कितीतरी जण दहावीच्या परीक्षेपर्यंतही पोहोचले नसते. पंढरपूरची 'पालवी' किंवा लातूर जिल्ह्यातील हासेगावचे 'सेवालय' अशा संस्थांनी काहींना वाढविले. बाकीची मुले आजीजवळ, मामाकडे वाढली. अशा घरांतून गोळी बहुधा 'ताकदीची' म्हणून दिली जाते. मोठ्यांचा हेतू चांगलाच असतो. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने २०११ सालीच असा सल्ला दिलेला आहे की, मुलाला शाळकरी वयातच, त्याच्या समजुतीच्या बेताने, पायरीपायरीने आपल्या आजाराची माहिती द्यावी. बारा वर्षांच्या मुलाला ती शेजाऱ्याच्या तोंडून किंवा केंद्राबाहेरच्या पाटीवरून कळली, तर आधी घरच्यांवरचा त्याचा विश्वास उडतो आणि मागोमाग गोळीवरचा.

औषधशास्त्राने मात्र आपले काम बव्हंशी चोख केले आहे. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे आता एकाच गोळीत येतात आणि ती दिवसातून एकदाच घ्यावयाची असते. पूर्वीच्या गोळीतील इफाव्हिरेन्झमुळे चक्कर येई, भीतिदायक स्वप्ने पडत; परीक्षेच्या आदल्या रात्री ती टाळावी असे एखाद्यास वाटले तर नवल नव्हते. नव्या गोळीने काहींचे वजन वाढते, काहींची झोप कमी होते; अशांनी डॉक्टरांना विचारून ती सकाळी घेतलेली बरी. आम्लपित्तावरील औषध या गोळीनंतर दोन तासांनी किंवा तिच्या सहा तास आधी घ्यावे लागते. लोह किंवा कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घेतली तर दोन्ही एकाच वेळी चालतात, उपाशीपोटी मात्र नाही. शाळेत सोमवारी लोहाची निळी गोळी घेणाऱ्या मुलीला हे कोणीतरी सांगावयास हवे. आणि तिच्या शिक्षकांना तिच्या आजाराचा पत्ता नसताना ते सांगणार कोण, तर केंद्रातील समुपदेशक. क्षयरोग हा या रुग्णांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. खोकला, ताप, वजनातील घट किंवा रात्रीचा घाम यांपैकी काहीही दिसल्यास त्यांनी अंगावर काढू नये. क्षयरोगावर रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोल्युटेग्रॅव्हिरची मात्रा दुप्पट करावी लागते, म्हणून एका डॉक्टरांपासून दुसऱ्या डॉक्टरांचे औषध लपविणे येथे थेट धोक्याचे ठरते. आहाराचे म्हणाल, तर भाकरी, डाळ, भाजी, शेंगदाणे, परवडल्यास अंडी, यापलीकडे वेगळे पथ्य नाही.

एवढे सांभाळल्यास मिळणारे फळ लहान नाही. वेळेवर उपचार सुरू झालेल्या आणि ते न सोडणाऱ्या तरुणाचे आयुर्मान इतरांच्या जवळपास जाते. रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही. २०१६ आणि २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या युरोपातील 'पार्टनर' अभ्यासांत, उपचाराने विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून तिच्या जोडीदारास संसर्ग झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. लग्नाच्या वयातील मुलामुलींना यापेक्षा महत्त्वाची दुसरी वैद्यकीय माहिती नसेल. ती आपल्या महाविद्यालयांतून किती वेळा सांगितली जाते?

आता व्यवहारात काय घडते ते पाहावे. समजा, धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यातला मुलगा पुण्यात बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, चौघांच्या खोलीत राहतो आणि संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहितो. डबी ट्रंकेच्या तळाशी ठेवावी लागते. तो तिच्यावरची चिठ्ठी खरवडतो किंवा गोळ्या दुसऱ्या बाटलीत भरतो, आणि मूळ डबीबाहेर ओलावा लागून औषध बिघडण्याचा संभव निर्माण होतो. खोलीत सगळे जागे असले की गोळीची वेळ टळते. केंद्राची वेळ ती कॉलेजच्या तासांची वेळ, आणि हजेरी तर ७५ टक्के भरावयास हवी. औषध महिन्याचे मिळाले तर वर्षातून बारा खेपा. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णास ते तीन महिन्यांचे एकदम मिळते, तेव्हा खेपा चारच होतात. वाचलेल्या आठ दिवसांची मजुरी कोणीही मोजील. वाचलेल्या आठ खोट्या सबबी मोजण्याचे माप अर्थशास्त्राकडे नाही, पण त्या मुलाच्या लेखी बचत मुख्यतः तीच आहे. २०२२ च्या जुलैत औषधटंचाईमुळे थोड्या थोड्या दिवसांच्याच गोळ्या हाती पडू लागल्या, तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयाबाहेर रुग्णांनी धरणे धरले. त्यांचा संताप या हिशेबाने सहज समजावा. सतत सावध राहण्याचा शीणही असतोच. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, मित्रांना टाळणे ही लक्षणे विषाणूच्या खात्यावर मांडली जातात. त्यांचे मूळ पुष्कळदा या लपवाछपवीत असते.

सवलतींची कथा तर अधिकच विचित्र आहे. एस. टी. महामंडळाच्या प्रवास सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही त्यांना स्थान आहे. दोन्ही तरतुदींमागील भावना स्वागतार्हच आहे. परंतु गावच्या गाडीत, गावच्याच चार माणसांदेखत, कंडक्टरला आजाराचा दाखला दाखवावयाचा, म्हणजे तिकिटाच्या पैशांच्या बदल्यात गावातले नाव द्यावयाचे. अनुदानाचा अर्ज तलाठ्यापासून तहसील कचेरीपर्यंत जातो, आणि वाटेतल्या प्रत्येक टेबलावर तो वाचणारे डोळे असतात. या पानाच्या वाचकांपैकी काहींच्या हातांतूनही असे कागद गेले असतील. ज्या मुलीला हा व्यवहार परवडत नाही, ती अर्जच करीत नाही. मग 'योजनेस प्रतिसाद अल्प' असा शेरा फाइलवर पडतो.

कायदा याबाबतीत मागे नाही. निव्वळ एचआयव्हीच्या कारणावरून, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ सालीच दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बाधितांच्या विवाहाच्या हक्काविरुद्ध जाणारी मते नोंदविली होती, ती २००२ मध्ये बाजूला ठेवली गेली. २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयक कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. नोकरी, शिक्षण किंवा उपचार यांसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास त्यात मनाई आहे; संमतीशिवाय कोणाचा आजार उघड करण्यासही आहे. आईवडिलांच्या आजारामुळे घर चालवीत असलेल्या, बारा वर्षांवरील समजदार मुलाला धाकट्या भावंडाचा पालक म्हणून शाळाप्रवेशासारखी कामे करता येतात, अशी एक हृद्य तरतूदही त्यात आहे. एवढेच काय, न्यायालयात टोपणनावाने दाद मागण्याची सोय आहे. मात्र न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी कोणा वकिलाला, कोणा साहेबाला प्रथम सांगावेच लागते, आणि बहुतेकांचे पाऊल तेथेच अडते.

म्हणून सुधारणा मोठ्या घोषणांत शोधण्याचे कारण नाही. उपचार केंद्र आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी किंवा रविवारी उघडे राहिले, तर विद्यार्थ्याची हजेरी आणि नोकरदाराची रजा दोन्ही वाचतात. तीन महिन्यांच्या औषधाचा नियम साठ्याअभावी मोडता कामा नये. गोळीच्या डबीला कोणत्याही ओळखीची खूण नसलेले वेष्टन द्यावयास खर्च नगण्य आहे. प्रवास सवलतीचे पत्र असे असावे की, त्यावर आजाराचे नाव नसून केवळ क्रमांक असेल. वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात 'गंभीर आजार' असा रकाना कशासाठी ठेवला आहे आणि भरलेला अर्ज कोणाच्या कपाटात पडतो, हे प्राचार्यांनी एकदा स्वतः तपासावे. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमावा, असे २०१७ चा कायदा सांगतो. रुग्णालयांसाठी ही मर्यादा वीसच माणसांची आहे. रॅगिंगविरोधी समितीची नावे जेथे लावलेली असतात, त्याच फलकावर या अधिकाऱ्याचे नाव आहे काय, हे कोणत्याही शिक्षकास उद्या कॉलेजात शिरतानाच पाहता येईल.